आबांची नऊ लोटकी

३ डिसेंबर, बुधवार

आली एकदाची भट्टी! विजेची. पुण्याच्या एका कॉलेजने मोडीत काढलेली. टेम्पोतून उतरवताना चौघांच्या कंबरा मोडल्या. गोठ्यात ठेवली — म्हशी गेल्यापासून तो रिकामाच. वर पत्रा, एका बाजूला भिंतच नाही, सकाळी आत नुसता गारठा. पण घरात तिला जागा कुठे होती?

गोठ्यातल्याच कोनाड्यात कापडाखाली मातीची नऊ लोटकी आहेत. आबांच्या अंगावरून वारं गेलं, त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी चाकावर घडवलेली. त्यांच्या हातची शेवटची, अजून कच्ची. अंगणात गोवऱ्यांचा आवा रचणं मला येत नाही, त्यांना आता होत नाही. एवढी नऊ भाजून निघाली की बस. मग भट्टी गंजली तरी चालेल.

११ डिसेंबर

आईने भट्टीवर नारळ फोडला! वायरमन मोहनसिंगबरोबर मी मीटरपाशी होते, तेवढ्यात. पाणी सगळं आत, कॉइलच्या खाचांमध्ये. बटण दाबलं आणि फट्! जळका वास.

"नव्या आव्याला नारळ फोडावाच लागतो, व्हय की न्हाई?" आई म्हणाली. खरं आहे. आबा दरवर्षी फोडायचे. पण ती शेणा-गोवऱ्यांची आग, तिला नारळाच्या पाण्याचं काय! मी तिला नको नको ते बोलले. ती चुलीकडे तोंड करून बसली, जेवली नाही.

१२ डिसेंबर

कॉइल गेली. नवी यायला पंधरा दिवस. रडले.

२९ डिसेंबर

नवी कॉइल बसली. लोटकी एकदम ठेवायची छाती झाली नाही. आधी माझी चार वाडगी ठेवली, बोटांनी दाबून केलेली. (चाकावर मी बसत नाही. ते आबांचं.) दोन तासांत आतून आवाज सुरू झाले, लवंगी फटाके फुटावेत तसे. चारहीची खापरं! वरून सुकलेली, पोटात ओल.

ओल राहील नाही तर काय! पहाटे पत्र्यावरून दव टपकतं गोठ्यात. आणि लोटकी तर सोळा महिने तिथेच. एक गालाला लावून पाहिलं. गार. गालाला गार लागलं तर आव्यात घालायचं नाही, हे आबांनीच शिकवलेलं.

३ जानेवारी

लोटकी चुलीशेजारी आणून ठेवली. रोज एकेक गालाला लावते. अजून गारच.

पुसेगावच्या बाजारात संक्रांतीची सुगडं आलीत, बाहेरगावची. एका बाईने आबांचं नाव घेऊन विचारलं, "सोनाजीची न्हाईत का औंदा बी?" मान हलवली आणि भाजी न घेताच परत आले.

७ जानेवारी

एक फुटलं. माझ्याच हातून, उचलताना. काठ चिमटीत राहिला, बाकीचं खाली.

आबा खाटेवरून बघत होते. म्हटलं, आबा, नाही होत माझ्याच्याने. त्यांनी डावा हात हलवला, तोंडातून नुसता आवाज आला. काय म्हणायचं होतं कळलं नाही. त्यांचं मला आता काहीच कळत नाही. आणि हे सगळं मी त्यांच्यासाठी करतेय म्हणे!

९ जानेवारी

आठही कोरडी लागली गालाला. उद्या भट्टी.

१० जानेवारी, शनिवार

चुलीशेजारी एकही लोटकं नव्हतं. आठही घमेल्यात, पाण्यात, विरघळलेली. शेजारी आबा जमिनीवर बसलेले, डावा हात कोपरापर्यंत गाळात.

"कच्चं हाय तवर माती हाय," ते म्हणाले. एवढं बोलायला त्यांना केवढा वेळ लागला! "भाजलं की संपलं."

मग बसल्या बसल्या सरकत, घमेलं त्याच हाताने ढकलत चाकापाशी नेलं.

"बस," म्हणाले.

मी बसले.