वरचे दात

देऊळघाट,
१२ फेब्रुवारी १९६८

प्रिय वत्सला,

तुझ्या लेकीला वरचे दात आधी आले, हे तुमच्या संग्रामपूरच्या बाजारातून परतलेल्या शेजारच्या रंगरावानं सांगितलं. मामाला भारी म्हणून तुझ्या सासूबाईंनी किसनला, तुझ्या पाठच्या भावाला, उंबऱ्यावरूनच परतवून लावलं, हेही कळलं. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

इकडे मेथी चांगली उतरली, वांगीही बरी आहेत. माझ्या धाकट्या पुष्पाचं लग्न दिवाळीनंतर उरकलं. तुझं बाळ लहान, म्हणून तुला येता आलं नाही.

तुझेही असेच वरचे दात आधी आले होते. साखरखेर्ड्याहून तुझ्या आईनं निरोप धाडला, की दादाला म्हणावं, सहा महिने इकडे फिरकू नको. तुझे मामा दुसऱ्याच दिवशी बैलगाडी जुंपून निघाले, मलाही बरोबर घेतलं. वाटेत हरभरा सोलून मला देत होते, गात होते. तुझ्या आईनं आम्हाला पाहून दार लोटून घेतलं. हे ओट्यावर बसले आणि आतल्या बहिणीला म्हणाले, "जनका, पोरीले लवकर भाकर खायची असन, म्हणून आले दात. तू काऊन भेऊन राह्यली?" ती रडत होती, पण शेवटी तिनं दार उघडलं. त्यांनी तुला मांडीवर घेतलं, हिरडीवरून बोट फिरवलं आणि तू कडकडून चावलीस. इतके हसले, की खोकल्याची उबळ आली. मग तुला माझ्याकडे देऊन ते अंगणात गेले, बराच वेळ तिकडंच होते. परतताना मात्र रस्ताभर ते बोट मला दाखवत राहिले. त्यांना एवढं खुशीत मी नंतर पाहिलं नाही.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते गेले. तू दीड वर्षाची होतीस, पुष्पा माझ्या पोटात. दहाव्याला बायका उघड बोलल्या, की भाचीच्या दातांनी मामा खाल्ला. तुझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यानंतर ती तुला घेऊन माहेरी कधी आली नाही.

ती वारल्यावर तू एकटी आली होतीस, चौदा वर्षांची. चुलीपुढं बसून मला विचारलंस, "मामी, माह्याच्यानंच गेले ना मामा?" मी तुझ्या केसांवरून हात फिरवला, पण नाही म्हणाले नाही.

वत्सला, ते क्षयानं गेले. तुझ्या जन्माच्या वर्षभर आधीच बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. थुंकीतून रक्त पडायचं, ते डागाळलेले कपडे मी वेगळे धूत असे. पण क्षयाच्या घरातली पोर कोण करून घेणार? मला दोन मुली उजवायच्या होत्या. लोकांचं दातांचं बोलणं माझ्या सोयीचं पडलं, म्हणून मी ते चालू दिलं, आणि पुष्पाच्या अक्षता पडेपर्यंत गप्प राहिले. हे पत्र सासूबाईंना वाचून दाखव. रविवारच्या मोटारीनं मी किसनला घेऊन येते आहे. बाळ त्याच्या मांडीवर दे. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव. नाही बोललीस तरी मी ओट्यावर बसेन आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत जाईन.

तुझीच म्हणवून घ्यायला आज लाजणारी,
सिंधूमामी