ढीग मी करायचो

सहम,
१४ मार्च २००९

प्रिय अमीन,

अस्सलाम अलैकुम. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तूही बरा असशील. मस्कतच्या हॉटेलातलं जेवण तुला मानवत नसणार. बेटावरच्या माणसाला ताजी मासळी लागते, हे मला कोणी सांगायला नको. कासमभाई आज मस्कतला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. फोन केला असता, पण फोनवर तू बोलतोस आणि मी नुसता हो हो करतो.

आधी माफी मागतो. तू आठवणीने पास पाठवलेस आणि मला कालच्या सामन्याला येता आलं नाही. दुकानात पंपांचा माल उतरत होता. आपला दुकानमालक अर्बाब तुला माहीतच आहे, शुक्रवार असो की ईद, ट्रक आला की त्याला मीच लागतो.

सामना जिंकलास, मुबारक. तुझ्या खुदेजाभाभीने शेवया केल्या. समरीन तर हवेतच आहे. वाळूवरच्या फुटबॉलचा का होईना, भारताचा कोच! "अब्बा, नॅशनल कोच तुमचे फ्रेंड आहेत? रिअली?" मी म्हटलं, हो, आम्ही एकाच बेटाचे. "मग तुम्ही पण खेळायचात?" मी म्हटलं, थोडंफार.

थोडंफार. हा शब्द तोंडातून काढताना मला काय झालं ते तुला कळणार नाही.

टीव्हीवरची तुझी मुलाखत पाहिली. साहेब, छान बोललात. ओहोटीला खाडीतली वाळू उघडी पडली की आम्ही अनवाणी खेळायचो, फ्री किक असली की पोरं वाळूचा ढीग करून त्यावर चेंडू ठेवायची, असं सांगितलंस. पोरं! ती पोरं म्हणजे मी रे. ढीग मी करायचो. टाचेने दाबून घट्टही मीच करायचो, कारण भुसभुशीत ढीग आयत्या वेळी बसतो आणि चेंडू खाली जातो. मग तू ऐटीत यायचास, लाथ मारायचास आणि टाळ्या घ्यायचास. तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही, हेही खरं.

वाटायला लागलं ते इथे, आपण दोघं या दुकानात नोकरीला आल्यावर. ९४ साली मस्कतच्या क्लबवाल्यांनी आपल्याला या किनाऱ्यावर खेळताना पाहिलं आणि दोघांनाही चाचणीला बोलावलं. अर्बाब म्हणाला, "यल्ला, एक जाओ, एक दुकान देखो." तू दाराशी उभा होतास, मी आत पाइप रचत होतो. बस, एवढाच फरक. पुढे तू क्लबात खेळलास, गुडघा गेला तेव्हा प्रशिक्षणाचे कोर्स केलेस, मुंबई, गोवा करत राष्ट्रीय संघापर्यंत पोचलास. तुझी मेहनत मी नाकारत नाही. पण तुझ्या प्रत्येक बातमीने माझ्या पोटात दुखलंय. गुडघ्याचं कळलं तेव्हा मी तुझ्यासाठी दुआ मागितली, आणि मागता मागता कुठेतरी बरंही वाटलं. लिहून गेलो. आता खोडत नाही.

ती पिवळी टोपी तुला शोभत नाही. काल बरोबरी असताना तुमच्या त्या उंच पोराला फ्री किक मिळाली, तेव्हा तू ती काढून हातात चुरगळत होतास. पोराने घाईघाईत वाळू गोळा केली आणि वर चेंडू ठेवला.

सामना टीव्हीवर दाखवला नाही, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. ट्रक वगैरे काही आला नव्हता. मी आलो होतो. तुझ्या पासावर खुर्च्यांत नाही, फुकटवाल्या पायऱ्यांवर, कामगारांच्या गर्दीत. तुला हरताना बघायला आलो होतो.

पण तो भुसभुशीत ढीग बघून माझ्याने राहवेना. "टाच मार!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, बेटावर ओरडायचो तसा.

तू गर्रकन मागे वळलास. भर सामन्यात पायऱ्यांवर कोणाला तरी शोधत राहिलास. मी खाली बसलो, पुढच्या माणसाच्या पाठीआड. मग तू पोराला तेच हिंदीत ओरडून सांगितलंस, त्याने टाचेने ढीग दाबला आणि गोल झाला. सगळी पायरी नाचत होती, मी बसून होतो.

आजच्या पेपरात आलंय की प्रशिक्षकाच्या आयत्या वेळच्या सूचनेने सामना फिरला. समरीनने ती बातमी कापून जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलीय. काढ म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आज मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवलो.

मला पेपरात नाव नको, तुझी खुर्चीही नको. तुझं विमान सुटायच्या आधी घरी एक फोन कर. मी उचलला तर समरीनला दे म्हण. तिला एवढंच सांग, काल मागे वळून तू कोणाला शोधत होतास.

खुदा हाफिज.

तुझा,
महमूद