सॅम्पलचं कार्ड

८ डिसें., सोम.
परिचय मेळाव्याची साइट. यंदा समाज पुस्तिका छापणार नाही, लग्नाची सगळी पोरं-पोरी मोबाइलवरच. माझा कामातला जोडीदार विनोद अकोल्यातून HTML लिहिते, म्हणजे पानाचा सांगाडा; मी इथं राजापेठेत CSS, म्हणजे रंग आन मांडणी. दिवसभर फोनवर भांडण. कार्डं एकाच्या पोटात दुसरं घुसून राहिली. तो म्हणे तुह्या CSS नं. मी म्हटलं तुहा div, कार्डाचा डबा, बंदच नाही. नव्हताच!
खरे फॉर्म आले नाहीत, म्हणून सॅम्पल कार्डात माझाच बायोडाटा टाकला. वय ३६. नोकरी: वेबसाइट बनवणे. नंबर आईचा. तीन वर्षं पुस्तिकेत छापून आलो, यंदा आईले नाही म्हटलं. पुरे झालं.

१०, बुध.
कमिटीचे अध्यक्ष भाऊसाहेब येऊन सांगून गेले. सरकारी नोकरीवाले वर, हिरव्या चौकटीत. खाजगी त्याच्या खाली. पुनर्विवाहवाले सगळ्यात शेवटी. "आन कमिटीचे फोटो खाली कायम दिसले पायजेत, कितीबी सरकवलं तरी."
केलं. खाजगीले राखाडी रंग मात्र मीच निवडला, कोणी सांगितलं नव्हतं. लाज वाटली.

१३, शनि.
साइट सुरू. सकाळपासून आईचा फोन वाजून राहिला. बाळापूरचा एक बाप. तिनं मलेच दिला.
"वेबसाइट म्हंजे नेटकॅफे हाय काय?"
"नाही, घरूनच काम."
"बरं बरं." ठेवला.
माझं सॅम्पल कार्ड! लपवलं होतं मी. पण लपवायचा नियम वर लिहिला, मोबाइलचा खाली, आन CSS मध्ये खालचाच जिंकते. लॅपटॉपवर गायब, मोबाइलवर सगळ्यात वर मी. तपासलं फक्त लॅपटॉपवर. गाढव आहे मी. लॅपटॉपवर पोरगी पाहते कोण?
विनोदचा मेसेज: काढ बे, कमिटी बोंबलून राहिली.
आई म्हणे, "राहू दे नं बाप्पा दोन दिस. कोनाचं काय जाते?"
तिचा असा आवाज किती दिवसांनी... नाही काढलं.

१४, रवि.
सात फोन. सगळे नोकरीपाशी येऊन थांबले. एकीनं आईले विचारलं, शेती तरी आहे काय?
दुपारी चांदूर बाजारहून एक बाई. वाटलं, आठवा.
"वेबसाइट बनवणे लिहिलं हाय तुमच्या कार्डावर. हे बी तुमीच बनवली काय? माहं कार्ड दिसतच नाई."
पाहिलं. पुनर्विवाहात ती एकटी, म्हणून सगळ्यात शेवटी. कमिटीच्या फोटोंची पट्टी बरोब्बर तिच्या तोंडावर. म्हटलं, खाली जागा सोडायची राहिली, एका ओळीचं काम आहे.
"मले वाटलं, मुद्दाम झाकलं."
फोन ठेवला तिनं. माझी नोकरी वाचून कामाचं बोललेली ती एकटीच.

१५, सोम.
जागा सोडली. तिचं कार्ड पूर्ण दिसते आता. माझं काढलं.
आई दुपारभर फोन मांडीवर घेऊन. "आज कावून नाई वाजून राहिला?"
"रेंज नसन."
फोन घेऊन गच्चीवर गेली.
खरा फॉर्म उघडला. नाव, गाव, जन्मतारीख भरली. नोकरीच्या रकान्यापाशी बसून आहे.
आई अजून गच्चीवरच.