रणजीतची चौकशी आणि बंद न होणारी पेटी

काळेवाडी,
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप ताईस,

ज्योतीरामचा वाकून नमस्कार. दाजींनाही सांग, फक्त आशीर्वाद द्यायला त्यांनी उठू नये, गुडघा सांभाळून बसल्या जागेवरूनच द्यावा. तुझी भावजय दीपमाला बरी आहे. मीही ठीक आहे, म्हणजे तब्येत ठीक आहे; मन नेहमीसारखंच आहे. तू फोनवर म्हणालीस, "आपल्या दिव्यासाठी तुझ्या मालकांच्या मुलाचं स्थळ आलंय, पोरगा कसा आहे ते एका शब्दात सांग." तेव्हापासून मी डायरीत शब्द लिहितो आणि खोडतो. 'चांगला' लिहिलं, तर कशावरून? 'बरा' लिहिलं, तर ते 'चांगला'च्या खालचं वाटतं आणि विनाकारण पोराचं नुकसान होतं. भाचीच्या जन्माचा प्रश्न आहे. म्हणून परवा जे घडलं ते सगळं सांगतो. शब्द तुझा तू निवड.

आमची निघोज्यातली कंपनी तुला ऐकून माहीत आहे. मालक बबनराव मूळचे तिथलेच. त्यांची बाजरी जिथे उभी असायची तिथे आता शेड उभी आहे. कारखान्यांत माल पुढे नेणारे सरकते पट्टे असतात, ते चालवणाऱ्या पेट्या आम्ही बनवतो. पेटी म्हणजे आत एक छोटा कॉम्प्युटर. त्याला आपल्या एकेका भागाशी बोलायला एकेक दुभाष्या लागतो, त्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात, आणि ते मी लिहितो. (दाजींनी एकदा पाहुण्यांना "आमचा मेव्हणा कंपनीत ड्रायव्हरचं बघतो" असं सांगितलं आणि पाहुण्यांनी मला शिर्डीचं भाडं विचारलं. दाजींचं चूक नव्हतं, अपुरं होतं.) बबनरावांचा मुलगा रणजीत, म्हणजे आपलं स्थळ, आकुर्डीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाला आहे, पेटीतले सुटे भाग निवडून आणणं हे त्याचं काम.

खंडेनवमीला इकडे प्रत्येक शेडमध्ये मशिनींची पूजा असते. आमच्याकडे ती बबनरावांच्या मातोश्री छबूबाई करतात, आणि त्यांचा नियम कडक आहे: त्या दिवशी एकही मशीन चालता कामा नये. वर्षभर राबतंय, एक दिस तरी गप पडू द्या, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर आमचा पहिला मोठा माल गिऱ्हाईकाकडे निघायचा होता. चाचणीच्या पट्ट्याची पेटी मी माझ्या हातांनी बंद केली. स्क्रीन काळा झालेला पाहिला. (दोनदा पाहिला. तुला माझा स्वभाव माहीत आहे.) मग पट्ट्यावर लाल कापड अंथरलं, त्यावर पूजेचं ताट, नारळ, झेंडूचे हार, पेढ्यांचा खोका. छबूबाईंनी ओवाळायला निरांजन उचललं आणि पेटी आपली आपण जागी झाली. पट्टा चालू लागला. आता छबूबाई काही ओवाळणं अर्धवट सोडणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या निरांजन घेऊन ताटाच्या बरोबरीने चालू लागल्या, त्यांच्यामागे बबनराव, त्यांच्यामागे हात जोडलेली अख्खी शिफ्ट. (त्यात मीही होतो. लाल बटण दाबायचं सोडून मी हात जोडून का चालत राहिलो, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.) पट्टा संपला तिथे ताट पडलं, पेढे गडगडले आणि नारळ आपटून फुटला. तेवढा एक विधी मात्र रीतसर झाला.

"ज्योतीराम, तुमी ह्यो बंद केला न्हवता व्हय?" बबनरावांनी विचारलं.

"केला होता, बबनराव."

"मग नारळ काय त्यानं झोपंत फोडला?"

छबूबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "ज्याला गप पडता येत न्हाई, त्यो माल माझ्या दारातनं जायचा न्हाई." आणि त्यांच्या शब्दावर ट्रक काढायची छाती निघोज्यात कुणाची नाही, बबनरावांची तर नाहीच.

तेवढ्यात रणजीत पुढे झाला. "आजी, मशीनला नको बोलू. आतली चिप मी आणलीये. नेहमीची मिळत नव्हती म्हणून दुसरी घेतली." सगळ्या शिफ्टसमोर, बापासमोर. ताई, इथे मी मनात 'चांगला' असं लिहून टाकलं. पण लगेच तो माझ्याकडे वळला, "काका, सॉफ्टवेअरमधनं सांभाळून घ्याल ना?" आणि मी ते खोडलं. चूक कबूल आपण करायची आणि निस्तरायची दुसऱ्याने, अशी सवय असेल, तर उद्या निस्तरायला आपली दिव्या.

न्यायाने सांगायचं तर आमच्या धंद्याची रीतच ती आहे. चिप एकदा बोर्डावर बसली की तिचा स्वभाव काही बदलत नाही. तो ओळखून ड्रायव्हरने वागायचं. बंद होताना कॉम्प्युटर प्रत्येक भागाला सांगतो, आवरा आता. बाकीचे आवरतात. ही चिप मात्र 'आवरा' ऐकलं की दचकते आणि थोड्या वेळाने 'उठा, कुणीतरी बोलावतंय' अशी हाक देते, की नुकतीच बंद झालेली पेटी बिचारी पुन्हा उठते. यावर उपाय एवढाच, की आधी चिपची हाक मारायची सोय काढून घ्यायची, मग तिला एकटीला झोपवायचं, आणि ती झोपल्यावर बाकीच्यांना हळूच आवरायला सांगायचं. छबूबाईंचा नियम मोडू नये म्हणून पट्ट्याची तार काढून ठेवली, आणि दुपार त्यात गेली. पेटी चालू कर, बंद कर, उठते का बघ, हे काम रणजीतने केलं. घरी जेवायलासुद्धा गेला नाही. (एक जांभई दिली. ती लिहावी की नाही यावर मी बराच विचार केला.)

असं आडवळणाचं काम केलं, की प्रोग्राममध्ये शेजारी त्याचं कारण लिहायचं असतं, नाहीतर पुढे कुणी शहाणा 'हे कशाला?' म्हणून ती ओळ पुसून टाकतो. चिप मालकाच्या मुलाने आणलेली, म्हणून मी जपून लिहिलं: 'काही परिस्थितीत ही चिप अपेक्षेपेक्षा वेगळी वागू शकते.'

रणजीत वाचून हसला. "काका, स्थळाची माहिती दिल्यासारखं काय लिहिताय? चिप सदोष आहे, ही ओळ काढली तर पट्टा पळेल, असं सरळ लिहा ना."

मी दचकलो. स्थळ त्यांच्याच घरून आलंय, म्हणजे मुलीचा मामा कोण हे त्याला ठाऊक असणार, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मग तो जेवायला गेला नाही तो पेटीसाठी, की मामासाठी? शब्द पुन्हा अडला.

संध्याकाळी छबूबाई पेटीसमोर खुर्ची टाकून बसल्या. मी पेटी बंद केली. बराच वेळ गेला; ती उठली नाही.

"निजली का मेली?"

"आधी चिप निजवली, आजी, मग पेटी बंद केली. पण चिप सुधारलेली नाही. दोष आहे तसाच आहे, आपण फक्त त्याला चुकवून..."

बबनराव डोळ्यांनी मला गप्प करत होते, पण एवढ्या वयाच्या बाईला अर्धं सांगणं मला बरं वाटेना.

"आमचं म्हातारंबी तसंच हुतं," छबूबाई म्हणाल्या. "जेवू घालून निजवल्याबिगर भांडान मिटायचं न्हाई. सुधारलं कुठं? पन संसार झाला की." मग बबनरावांकडे पाहून, "आन् ह्योबी त्याच्यावरच गेलाय," आणि निरांजन पेटवलं. बाकीच्या पेट्यांतही तोच ड्रायव्हर घातला आणि दसऱ्याला ट्रक वेळेवर निघाला.

तर पोरगा असा आहे. एका शब्दात बसत नाही. दिव्याने स्वतः येऊन त्याला भेटावं, बोलावं, भांडूनही बघावं असं मला वाटतं. (बघण्याच्या कार्यक्रमात भांडायची पद्धत नाही, हे मला कळतं.)

तुझा धाकटा,
ज्योतीराम

ता. क. — कुणाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल लिहायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून पत्र रणजीतला वाचायला दिलं. त्याने दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, चिपचा दोष तिच्या माहितीपत्रकात छापलेला होता आणि त्याने तो घेण्याआधीच वाचला होता. ज्योतीरामकाका बघतील असं वाटलं, म्हणाला. दोन, तो जेवायला घरी गेला नाही हे खरं, पण मी कामात गुंग असताना त्याने डबा मागवून खाल्ला. मला विचारलंही होतं म्हणे, मी 'हूं' केलं. हे सांगायला त्याला कुणी भाग पाडलं नव्हतं. पत्र तसंच ठेवून या दुरुस्त्या इथे जोडतो आहे.

ता. क. दुसरा — खरं मागणं आता लिहितो. नकार द्यायचा असेल तर लगेच कळव, पोराला ताटकळत ठेवू नकोस. पण होकार द्यायचा असेल, तर उरलेल्या सदोष चिपा रणजीतकडून परत करवून नवी चिप येईपर्यंत थांब. एकदा तो आपला जावई झाला की मला त्याला 'अहो जावईबापू' म्हणावं लागेल, आणि जावईबापूंना "जा, हा माल परत करून ये" असं मला या जन्मात म्हणता येणार नाही.