कुंकू लावलेला प्लग

अण्णा,

मला तुमची किळस आली होती. तेव्हा तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही. पुढे तुम्ही आजारी पडलात, मग गेलात, आणि गेलेल्या माणसाबद्दल असलं बोलायचं नसतं म्हणून गप्प बसले. परवा आई कुणाला तरी सांगत होती, "आमचे हे म्हणजे देवमाणूस." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता लिहूनच टाकते.

तळ्यावरच्या बोटिंगच्या कंत्राटदाराची ती जुनी टू-स्ट्रोक मोटार आठवते ना? बोटीच्या मागे टांगायची, दोरी ओढून सुरू करायची. अख्ख्या जयनगरात ती उघडायला तुमच्याशिवाय कुणी धजायचं नाही, आणि तुमच्यानंतर मी. तळ्यात अर्ध्या वस्तीचं सांडपाणी येत होतं. मोटार आपल्या दुरुस्तीच्या दुकानात आली की तिच्या पात्याला केस, प्लास्टिक, चिंध्या, नको नको ते गुंडाळलेलं असायचं आणि ते मी हातांनी काढायचे. नाक मुरडलं नाही कधी. तुम्ही शेजारी स्टुलावर बसून म्हणायचात, "स्वल्प धीर धर गं. पेट्रोल येतंय का आणि ठिणगी पडतेय का, दोनच प्रश्न. तिसरा विचारायचा नाही." माझा डिप्लोमा झाला तेव्हा तुम्हीच म्हणालात, दुकान पुढे तू बघ. चुलतभावाला तर धड पाना धरता येत नव्हता. मला दुसरं काही नकोच होतं, अण्णा. लग्नसुद्धा नको होतं, ते दुकान हवं होतं.

त्या वर्षी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी मी त्या मोटारीचे ठिणगीचे पॉइंट घासले आणि प्लग साफ करून बसवला. पूजेला सगळी यंत्रं ओळीने मांडली होती. तुम्ही कुंकू पाण्यात कालवून प्रत्येकावर बोट ओढलंत, या मोटारीच्या थेट प्लगवर. मोटार तळ्यावर गेली आणि मधोमध बंद पडली, बोटीत बायकापोरं बसलेली. वल्ही मारत आणली. दुकानात आणून बघतो तर पहिल्या ओढीला सुरू! परत तळ्यावर, परत बंद. तुम्ही कंडेन्सर बदललात, कॉइल बदललीत, फ्लायव्हील काढून आतलं सगळं पुसलंत. प्लग मात्र अलगद चिंधीत धरून काढायचात, खालचं टोक बघायचात आणि तसाच परत बसवायचात, कारण वरच्या पांढऱ्या चिनी मातीवर पूजेचं कुंकू होतं आणि ते पुसायचं नसतं.

मग एका संध्याकाळी तुम्ही आईला मोरीपाशी गाठता. मी आत तांदूळ निवडतेय, दार उघडंच आहे. "हिची तारीख कधी होती?" तुम्ही विचारता. आई म्हणते, "पूजेच्या आदल्या दिवशी. संध्याकाळी बसली की बाजूला." तुम्ही बोटांवर दिवस मोजता. "म्हणजे प्लगला हात लावला तो त्याच दिवशी. सांग तिला, उद्यापासून दुकानात पाऊल टाकायचं नाही." मला एक शब्द नाही. शी! ज्या माणसाने मला तिसरा प्रश्न विचारायचा नाही म्हणून शिकवलं, तो मोरीपाशी उभा राहून माझ्या पाळीचा हिशेब मागत होता.

तरी मी गेलेच. तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात तेव्हा किल्ली उचलली. आभाळ भरलेलं, शटर अर्धंच उघडलं, आत अंधार. मोटार पाण्याच्या पिंपात टांगून सुरू केली. मग तळ्यावर उडतं तसं ओंजळभर पाणी प्लगवर मारलं, तशी खाडकन बंद. पुन्हा दोरी ओढली आणि मला दिसलं. तुमच्या बोटाने ओढलेल्या त्या लाल पट्ट्यावरून निळी रेघ सरसर खालच्या लोखंडात उतरत होती. कुंकू कोरडं असलं की काही नाही, भिजलं की करंट आत जायच्या ऐवजी त्याच वाटेने बाहेरच्या बाहेर. मी धावत येऊन तुम्हाला उठवलं, आणून दाखवलं. तुमच्यादेखत प्लग पेट्रोलने पुसला, परत पाणी मारलं. मोटार जरा खाकरली, पण बंद पडली नाही.

तुम्ही वाकून प्लग बघितलात आणि म्हणालात, "सरी," बरोबर आहे. मला वाटलं, मिटलं. तेवढ्यात कंत्राटदार आला. "एनायतु अण्णा?" त्याने विचारलं, काय झालं होतं म्हणून. मी तिथेच उभी, हातात तीच लाल झालेली चिंधी. आणि तुम्ही शांतपणे कानडीत त्याला सांगितलंत, "घरात स्वल्प विटाळ झाला होता. आता सगळं बरोबर केलंय." त्याने माझ्याकडे बघितलं, पाय मागे घेतला आणि मोटारीचा दांडा पंच्याने पुसून मगच उचलला. तळ्यातला मैला उपसताना मला कधी मळमळलं नाही, अण्णा. त्या दिवशी मी दुकानामागे जाऊन भडाभडा ओकले.

दुकान चुलतभावाला गेलं, त्याने दोन वर्षांत बुडवलं. मी इलेक्ट्रॉनिक सिटीत सर्किट बोर्डं जोडायला लागले, मग स्वतःचं वर्कशॉप काढलं, पंप आणि जनरेटरचं. कामाला मुली ठेवल्या. त्यांना पहिल्याच दिवशी सांगते, महिन्याच्या कुठल्याही दिवशी या, कशालाही हात लावा.

हे आईला वाचून दाखवायचं मघाशी मनात होतं. नाही दाखवत, कुणालाच नाही. वर्कशॉपातली आयुधपूजा मी इतकी वर्षं कामावरच्या कुणाकडून तरी करवून घेतली. माझा नाही या सगळ्यावर विश्वास, असं म्हणायचे. माझी पाळी गेली, अण्णा. त्या वर्षापासून पूजा मी स्वतः करते.