वहिनीला न विचारता

वहिनी,

दादाला हॉस्पिटलात नेतेय. त्याने तुझा ओठ फोडला तरी तू नर्सिंगच्या परीक्षेला गेलीस, याने त्याचं पित्त खवळलं. तुझी पुस्तकं गॅसवर धरायला निघाला, तेव्हा मी त्याच्या मनगटावर तवा हाणला. हाड काटकन वाजलं. बायकोपुढे वाघ, तव्यापुढे ‘आई गं’!

आम्हाला समाजकार्याच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: मार खाणाऱ्या बाईला आधी विचारा, तिच्या वतीने ठरवू नका. मी आधी हाणलं, मग आठवलं. म्हणून आता विचारते. प्लास्टर घालून त्याला घरी आणू, की आत्याकडे सोडू? तू म्हणशील तसं करीन.

माझा भाऊ म्हणून सूट देऊ नकोस. मी दिलेली नाही.

नणंद