काखेतला चौकोनी तुकडा

प्रिय पूर्णिमा,

फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून कागद घेतला.

तुझ्या क्रांतीच्या साखरपुड्याचं रेशीम अजून कापलेलं नाही. घाबरू नकोस, वेळ आहे. मापाला म्हणून मांजरपाटाचा कच्चा ड्रेस शिवून शिरोळला पाठवला, तो परत आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. गिऱ्हाईक फार तर टाचण्या लावून देतं. तू बाही उसवून, काखेत चौकोनी तुकडा जोडून, पुन्हा शिवून पाठवलीस! वाटलं, दुसऱ्या टेलरला दाखवलंस. राजारामपुरीत वीस वर्षं दुकान चालवतेय मी, माझ्या कापात खोट काढणारा हा कोण? विचारलं तर म्हणालीस, "न्हाय गं दाने, कुणाला दावू? पोरीनं हात वर केला की वढत हुतं, म्हणून मीच घातला तुकडा." लग्नानंतर सुई धरली नाही म्हणणारी तू!

मग आठवलं, ऑर्डर द्यायला आलीस तेव्हा मशीनच्या वरची फ्रेम तू किती वेळ बघत होतीस. "फ्रेम झ्याक हाय की," एवढंच म्हणालीस. आतल्या शिवणक्लासच्या सर्टिफिकेटबद्दल चकार शब्द नाही. ते आठवल्यापासून मला धड जेवण जात नाही. हिला कळलंय का? कुणी सांगितलं? मुद्दाम माझ्याचकडे आली का?

म्हणून दुसरा कच्चा ड्रेस शिवताना मी लबाडी केली. कंबर अर्धा इंच आत घेतली, गळा वर उचलला, पण बाही पहिल्यासारखीच ठेवली, तुकड्याशिवाय. म्हटलं, बघू काय करतेस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. परवा तो परत आला. काखेत पुन्हा तोच तुकडा, आणि टाचणीनं लावलेली चिठ्ठी. आत लिहिलं होतंस, "दाने, इसरलीस व्हय? आता वढत न्हाय. असंच शीव." दहा वेळा वाचली. टोमणा आहे की माया, मला ओळखता येईना.

कागलच्या शिवणक्लासची परीक्षा आठव. सगळ्यांचे मांजरपाटाचे फ्रॉक सारखेच, ओळख फक्त टाचलेल्या नंबराच्या चिठ्ठीची. तपासणीच्या सकाळी मी लवकर गेले, फ्रॉक ठेवलेलं कपाट उघडलं. तुझ्या फ्रॉकच्या काखेत हाच तुकडा होता. माझी बाही ओढत होती. मी चिठ्ठ्या बदलल्या, पूर्णिमा. मी पहिली आले, तू नापास झालीस, आणि तुझे आण्णा म्हणाले, पुरे झालं शिवण. पुढच्या महिन्यात तुझं लग्न ठरलं. सर्टिफिकेटवर नाव माझं आहे, काम तुझं. तुला हे आधीच माहीत असेल तर मी उशीर केला, आणि नसेल तर आता झालं.

रेशीम उद्या कापते, तुझ्या तुकड्यासकट. फ्रेम उतरवून ड्रेसच्याच पिशवीत ठेवलीय. न्यायला तू स्वतः येतेस की दुसऱ्या कुणाला पाठवतेस, त्यावरून मला काय ते कळेल.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझीच,
दानेश्वरी